चाळीस फुटाचं लाकूड आन् आमची सावड

न्हाई पण, चाळीस फुटाचं लाकूड एकटा माणूस उचलतोच कसा, तुमीच सांगा राव! उचलतो, खांद्यावर घेतो, चढण चढतो, आन् वर जाऊन काय म्हणतो, तर "मला कुणाची गरज नाही"! आरं बाबा, पण दुसरं टोक कुणी धरलं? ...पुस्तकातलं बोलतोय मी. साडेपाचशे पानांची कादंबरी हाये, इंग्रजीवरनं मराठीत आणलेली, नाव सांगत न्हाई, फुकट जाहिरात व्हईल. त्यात एक हिरो हाये, समुद्राकाठी ऱ्हातो, एकट्यानं जहाज बांधतो. कुणाची मदत घ्यायची न्हाई, कुणाला करायची न्हाई, माणसानं फक्त आपल्यासाठी जगायचं, हे त्याचं तत्त्वज्ञान.

आता तुमी म्हणाल, गोरखभाऊ, तू राजुरीचा कांदेवाला, ऐन लागणीत तुला जहाज कुठून सुचलं? मला न्हाई हो सुचलं, पोरीला सुचलं! आमची संस्कृती, पुण्याला इंजिनिअरिंगला हाये, दुसऱ्या वर्षाला. डिसेंबरच्या सुट्टीत आली, माळ्यावरची माझी कॉलेजातली ट्रंक उघडली, आन् त्यात हे घावलं. बरं, नुसतं पुस्तक असतं तर चाललं असतं, पण पानापानावर माझ्या लाल रेघा! पंच्याण्णव साली वाचल्यालं, जुन्नरला एस.वाय.ला असताना. कडेला माझ्याच अक्षरात "वा!", "हेच सत्य!", आन् शेवटच्या पानावर, "आजपासून मी कुणाचा नाही. गोरख." खाली तारीख. अहो, त्याच महिन्यात आमच्या आबांनी माझं लग्न ठरवलं आन् मी मुकाट मुंडावळ्या बांधून घेतल्या, पण ते काय त्या पानावर लिवलेलं नसतं!

तर पोरीनं वाचलं आन् सकाळी चहा घेता घेता जाहीर केलं, "पप्पा, मी सावडीला येणार नाही. दुसऱ्याच्या रानात मी का राबायचं? मी माझी आहे."

आली का पंचाईत? तुमाला सावड म्हाईत नसंल तर सांगतो. आमच्या आळीत चार घरं, कांदा लागण एकमेकांच्या मदतीनं. पहिल्या दिशी रखमाजी अण्णाचं रान, मग भागूआत्याचं, मग सावळेरामचं, चौथ्या दिशी आमचं. घरटी तीन माणसं द्यायची, आमच्यातनं मी, बायको आन् पोरगी. तुमी जेवढी दिली तेवढीच तुमच्या रानात परत येणार, एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. पोरगी न्हाई गेली की प्रत्येक घरातनं एक माणूस कमी! आन् रोप तर आधीच पिवळं पडाय लागल्यालं. चौथ्या दिशी लागण झाली न्हाई तर ते रोप शेळ्यांना घालायचं आन् वरीसभर टाळ्या वाजवत बसायचं.

आता रागावलो असतो तर ती म्हणली असती, तुम्हीच लिहिलंय ना, हेच सत्य! तवा मी काय ठरवलं, की ह्या पुस्तकाला पुस्तकातच गाठायचं. आता काय मी एस.वाय.चं पोरगं न्हाई, चाळिशी उलटलीय, चष्मा लागलाय, परिपक्व नजरेनं वाचायचं, पेन्सिल घेऊन, आन् पोरीसमोर एकेक मुद्दा खोडायचा! बायको, इंद्रायणी, दारात टोपलं घेऊन उभी. "अहो, चला की, रखमाजी दाजींच्या रानात पाण्याचं बारं सुरू झालं. रोप कोण उपटणार, तुमचा हिरो?" म्हणलं, तू व्हय म्होरं, मी आलोच.

आन् बसलो.

काय सांगू तुमाला, पहिल्या पन्नास पानांतच अकरा चुका! हा हिरो जेवतो, पण सैपाक कोण करतं? पत्ता न्हाई! दीडशे पानं झाली, याचा सदरा पांढराशुभ्र... धुतो कोण? आजारी पडत न्हाई, कुणाच्या मयताला जात न्हाई, त्याला आई न्हाई, आत्या न्हाई, मेव्हणा तर न्हाईच न्हाई. आरं, मेव्हणा नसल्यावर कुणी बी स्वतंत्र विचार करील! मग एकशेऐंशी पानावर ते लाकूड. मी तीनदा वाचलं. एकटाच उचलतो. लिवणाऱ्याला एकदा बी वाटलं न्हाई, दुसरं टोक कुणी धरलं?

पण खोटं बोलणार न्हाई. तीनशे बाराव्या पानावर पेन्सिल थांबली. गावातली म्हातारी माणसं त्याला म्हणत्यात, आमी सांगतो तसं कर. आन् तो म्हणतो, "नाही." बास. एवढंच. मला एम.ए. करायचं व्हतं. आबा म्हणले, रान कोण बघणार? मी म्हणलो, बरं. आख्ख्या जन्मात त्या माणसाला एकदा बी न्हाई म्हणलो न्हाई. तिथं लिवणारा खरं बोललाय, त्याला मार्क द्यायलाच लागत्यात. दिले. आन् फुडं गेलो, कारण फुडं तो पुन्यांदा एकटाच शिडाची काठी उभी करतो, आन् पुन्यांदा तेच, दुसरं टोक कुणी धरलं?

असे तीन दिवस गेले. रोज इंद्रायणी म्हणायची, चला, आन् मी म्हणायचो, आलोच. पोरगी घरात दिसंना, म्हणलं रुसून मैत्रिणीकडं जात असंल, जाऊ दे, माझा अभ्यास व्हऊ दे. तिसऱ्या दिशी दिवस मावळायला पुस्तक संपलं. त्रेचाळीस मुद्दे! सगळे नंबर घालून!

चौथ्या दिशी सकाळी पुस्तक काखंत मारून रानात गेलो, बघतो तर आठ माणसं वाफ्यात वाकल्याली, आन् मधी कोण? संस्कृती! कोपरापोतर चिखल.

म्हणलं, "आगं, तू?"

"तीन दिवस येतेय पप्पा. पहिल्या दिवशी आईला डबा द्यायला गेले, बरं वाटलं, थांबले."

"आन् ते तत्त्वज्ञान?"

"तेच तर! मला कुणी सांगितलं म्हणून नाही आले, मला वाटलं म्हणून आले. पुस्तकात तेच आहे ना?"

त्रेचाळीस मुद्दे काखंत... एक कामाचा न्हाई!

तेवढ्यात रखमाजी अण्णा कंबर सरळ करत म्हणला, "काय गोरख, झालं का वाचून? हे बघ, तुझ्या घरातनं दोनच माणसं आली, आमी बी घरटी दोनच आलोत. तुझ्या वाट्याचा एकेक गडी घरी बसवलाय, चहा पीत. रोप उपटायला कुणी न्हाई, ते तुझं तू बघ."

आता रोप उपटणं म्हणजे तीन गड्यांचं काम, आन् लावणाऱ्या बाया, गडी मिळून आठ! पुस्तक बांधावर ठेवलं आन् लागलो. उपटतोय, जुड्या बांधतोय, पाटी डोक्यावर घेऊन पळतोय... आन् भागूआत्या दर दहा मिंटांनी वाफ्यातनं वरडतीय, "रोप आण रे, हिरो!" सगळं रान हसतंय, माझी बायको सगळ्यात मोठ्यानं!

पण दिवस मावळायच्या आत लागण झाली, राव, शेवटल्या वाफ्यापोतर. मी बांधावर आडवा, कंबर माझी हाये का दुसऱ्याची तेच कळंना. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणली, "पप्पा, तीन माणसांचं काम तुम्ही एकट्यानं केलंत. कुणाची मदत नाही, काही नाही."

आन् काय सांगू तुमाला... साडेपाचशे पानं, परिपक्व नजर, त्रेचाळीस मुद्दे, सगळं करून बी... लई भारी वाटलं हो, च्यायला!