त्रिशंकूचे पिवळे जाकीट

जबाब देणार: शिलाई दुकानदाराचा सख्खा धाकटा भाऊ, वय ५२ वर्षे, धंदा दैनिकाची बातमीदारी, राहणार भावाच्या दुकानावरील दोन खोल्यांत.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझा थोरला भाऊ (यापुढे दादा) राहतो. दादा विधुर आहे. माझे लग्न झालेले नाही. कारण विचारले गेले, पण प्रकरणाशी संबंध नसल्याने लिहू नये अशी विनंती केली.

दादाची एकुलती मुलगी, वय २३, चार वर्षांपूर्वी जलाशयात होडी उलटून बुडाली. तिला घरात टिटवी म्हणत, कारण एकदा बोलू लागली की थांबत नसे. तीन दिवस शोध झाला. काठावर तिने काढून ठेवलेले पिवळे जाकीट मिळाले. ती मिळाली नाही. चौथ्या दिवशी शोध थांबला. ती बातमी माझ्याच दैनिकात आली. मी लिहिलेली नाही.

बुडण्याच्या आधी टिटवी रिमोटवर उडणारा पॅरामोटर तयार करत होती. हवालदारांनी अर्थ विचारला म्हणून सांगतो: वर हवेने फुगणारा कापडी पंख, त्याखाली दोऱ्यांना टांगलेला माणूस, माणसाच्या पाठीला मोटर आणि फिरते पाते. इथे माणसाच्या जागी हातभर उंचीचा बाहुला. पंख अर्धाच शिवून झाला होता. दोऱ्या मात्र तिने कापून, जुडी बांधून ठेवल्या होत्या. सोबत चिठ्ठी होती: "नारिंगी. चाळीस. दोनदा मोजल्या."

गेल्या वर्षी दादाने ती पेटी उघडली. जुडीत एकोणचाळीस दोऱ्या निघाल्या.

"एक तू खाल्लीस," दादा म्हणाला.

"मी लोकांचं डोकं खातो, दोरी नाही."

"मग गेली कुठे? टिटवीची मोजणी चुकत नाही. माझ्या टेपवर शिकलेली पोर आहे."

तशी नारिंगी दोरी बाजारात मिळाली नाही. डाव्या कडेला पुढे एक पांढरी बांधली. पंख दादाने पुरा केला. मोटर व रिमोटची जोडणी मी केली. मी संस्कृत शिकलेला माणूस. सोल्डरिंग करताना दोनदा बोट भाजले. दादा म्हणाला, "आता मंत्र म्हण, बरं वाटेल."

बाहुल्यात चिंध्या व वाळू भरली. त्याला आम्ही त्रिशंकू म्हणायचो: सदेह वर जायचे आणि वर कोणी घ्यायचे नाही. दादाने टिटवीचे जाकीट उसवून त्याच्या मापाचे केले. "कपाटात ओल धरत होतं," एवढेच तो म्हणाला.

पहिल्या तिन्ही उड्डाणांत त्रिशंकूचे पाय गवतात अडकून तो तोंडघशी पडला. म्हणून दादाने दोन्ही पाय गुडघ्यातून कापले व टाके घातले. काम नेहमीसारखे स्वच्छ होते. मग यान उडू लागले, पण सारखे डावीकडे वळायचे. आधी मोटरचा दोष समजून ती तिरकी बसवली. मग वाळू उजव्या अंगाला सरकवली. शेवटी ध्यानात आले की ताण पडला की पांढरी दोरी दोन बोटे लांबते. मी सगळ्याच दोऱ्या बदलू म्हणालो. दादा म्हणाला, "तिच्या एकोणचाळीस काढायच्या नाहीत. चाळिसावी मिळाली की बघू." त्यामुळे उडवताना रिमोटवर उजवा ब्रेक, म्हणजे यान उजवीकडे ओढणारी कळ, सतत धरून ठेवावा लागे.

काल सकाळी आठ वाजता आम्ही जलाशयाजवळच्या मैदानावर गेलो. मैदान पाण्याच्या उजव्या अंगाला आहे. रिमोट दादाकडे होता. आठ वीसला सिग्नल तुटला. सिग्नल तुटला की मोटर जोडणीच्या वेळी ठरवलेल्या वेगावर जाते; ती बंद व्हावी, म्हणून जोडणी करतेवेळी रिमोटवरील वेगाची कांडी शून्यावर ठेवायची असते. मी ती अर्ध्यावर ठेवली होती. त्या वेळी मी दादाला 'सदेह' या शब्दाचा अर्थ समजावत होतो. त्यामुळे मोटर चालू राहिली, उजवा ब्रेक सुटला आणि यान डावीकडे, पाण्यावर गेले. दादा पाण्याच्या दिशेने धावला व "थांब गं" असे दोनदा ओरडला. बाहुला पुरुष होता. मी दुरुस्ती केली नाही.

पलीकडच्या काठावरील पंपचालकाने यान पाण्यात पडताना पाहिले व अग्निशमन दलाला फोन केला. चार वर्षांपूर्वी जाकीट त्यालाच मिळाले होते. त्याचे फोनवरील शब्द मला इथे वाचून दाखवण्यात आले: "मुलगी पडली. पिवळं जाकीट. तीच."

शोध पुन्हा सुरू व्हावा म्हणून दादाने हे मुद्दाम केले काय, असे साहेबांनी विचारले. उत्तर: नाही. कांडीची चूक माझी. फोन दादाने केला नाही. दल आल्यावर त्याने कोणाला काही सांगितले नाही, हे खरे. तो काठावर बसून पाण्याकडे बघत होता. पडला तो बाहुला आहे, हे मी सांगितले. ते पाणबुडे उतरल्यावर सव्वा तासाने सांगितले, हेही खरे. उशिराचे कारण विचारले. कारण नाही. गुन्हा धरायचा तर तो माझ्यावर धरावा.

साडेदहाला बाहुला निघाला व शोध थांबवला गेला. आज मला काल पाण्यातून काढलेल्या तीन वस्तू दाखवल्या. एक, पंखासह मोटर व तिचा सांगाडा. दोन, पिवळ्या जाकिटातील बाहुला. तीन, कॅनव्हासचा बूट, डाव्या पायाचा. कागदावर "बाहुल्याचा" अशी नोंद आहे. पहिल्या दोन आमच्या आहेत.

तिसऱ्या नोंदीत दुरुस्ती करावी. बाहुल्याला पाय नाहीत. शिवाय बूट मोठ्या माणसाचा आहे. बुटाला नाडी नसून नारिंगी दोरी ओवली आहे. हवालदारांच्या परवानगीने मी ती सोडवून पंखाच्या दोरीशी ताडून पाहिली. लांबी तीच आहे.

माझी विनंती अशी की, बूट जिथे मिळाला तिथे आजच पुन्हा शोध सुरू करावा. दादा बाहेरच्या बाकावर बसला आहे. त्याला बूट अजून दाखवलेला नाही. दाखवताना मी जवळ असावे. तिची मोजणी चुकली नव्हती, हे त्याला मी सांगेन.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने शेवटचा भाग माझ्या सांगण्यावरून हळू वाचला. मी सांगितला तसाच लिहिला असून तो खरा आहे. म्हणून खाली सही करतो.