पायगुण

अलाबामातल्या कॉलेजच्या स्टेडियममध्ये फुटबॉलची मॅच ऐन रंगात होती आणि डेल्मा बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत चुळबुळत उभी होती. पुढे एक म्हातारी आणि एक तरुण मुलगी बोलत होत्या.

"पहिलीच मॅच का गं तुझी?"

"हो काकू. होणाऱ्या सासऱ्यांनी आणलंय. तुमची पहिली आठवते?"

"न आठवायला काय झालं? सातवीत होते. मी इथे आत आले आणि बाहेर आपल्या पोरांनी टचडाउन मारला, थेट सहा गुण!"

"अरेरे, तुमचा बघायचा राहिला!"

"बाहेर पडते तर आजोबा दारात. म्हणाले, 'परत आत जा. तू आत असलीस की पोरं जिंकतात.'"

"मग?"

"मग काय, जिंकलो की!"

"आणि दुसरी मॅच?"

"तीही इथेच. लग्न झाल्यापासून नवरा निदान उकडलेल्या शेंगा तरी आणून देतो."

"म्हणजे तुम्ही मॅच कधी पाहिलीच नाहीत?"

"एकदा डोकावले. हरलो. सासरे वर्षभर बोलले नाहीत."

"काकू, शुद्ध वेडेपणा आहे हा!"

"असेल. पण आज मी इथे असूनही हरतोय. तुझे सासरे म्हणतील, नव्या पोरीचा पायगुण."

मुलीने धास्तावून दाराकडे पाहिलं.

डेल्मा बुटाची नाडी बांधायला वाकली, तोच बाहेर स्टेडियम गर्जलं. आपल्या पोरांचा टचडाउन! डेल्मा उठू लागली.

"ताई, उठू नका!" मुलीने तिचा खांदा दाबला. "काकू, तुम्ही सुटलात. जा, मॅच बघा."

"अगं, पण मला जोराची लागलीये!" डेल्मा कळवळली.

"कळ काढा हो ताई. अर्धीच मॅच राहिलीये."