वर मारायचं न्हाई

माझं माहेर मिरजेजवळचं, कृष्णाकाठचं, आणि सासर नदीच्या पलीकडं, म्हणजे माहेरच्या घाटावर उभं राहिलं तर सासरचा ऊस दिसायचा, एवढं जवळ दिलेलं मला, आणि आज बसलेय कुठं तर कॅनडात, विनिपेगला, काय सांगू तुम्हाला ताई, नशीब कुणाला कुठं नेऊन टाकील ते त्याचं त्यालाच ठाऊक. तुम्ही म्हणालात लिहून घ्यायचंय, तुमच्याबद्दल सांगा, आता माझ्याबद्दल काय सांगायचं, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, घरी येते, स्वयंपाक करते, झालं. पण एवढ्या बर्फातनं आलाय तर ऐका, आणि चहा घ्या आधी, गार व्हायला लागलाय.

आमचे हे मिरजेच्या एमआयडीसीत टर्नर होते, लेथवर, आणि रविवारी क्रिकेट. क्रिकेटचं लई वेड. गावातलं मैदान म्हणजे काय, शाळेमागची मोकळी जागा, आणि तिन्ही बाजूंनी लोकांचा ऊस. सगळ्या पोरांत मिळून एक बॉल. तो उसात गेला की सापडायचा न्हाई, पानं कापतात अंगाला, आणि मालक शिव्या घालायचा ते वेगळंच, म्हणून पोरांनी नियमच केलेला, उसात मारला की आऊट. कितीही लांब मारा, कितीही उंच मारा, आऊट. त्यामुळं यांचा सगळा खेळ जमिनीवरनं. डोकं खाली, बॅट खाली, बॉल गवतातनं सुळकन जायला पाहिजे. आजूबाजूच्या चार गावांत यांच्यासारखा जमिनीवरनं मारणारा न्हवता असं माझे दीर अजून सांगतात, मला त्यातलं काय कळतं, मी आपली मान हलवते.

आणि मग हितं आलो, ओंकार तेव्हा दुसरीत होता. ओंकार म्हणजे आमचा मुलगा, एकुलता एक. यांना मशीन शॉपमध्ये काम लागलं, मला थोड्या दिवसांनी लाँड्रीत. शेजारची पोरं बेसबॉल खेळायची, हा पण जायला लागला, आणि हे खूश, बॅट-बॉल तर आहे म्हणाले, बाकीचं मी बघतो. रोज कामावरनं आले की पोराला घेऊन मागच्या अंगणात. काय शिकवणार? जे येतंय तेच. ओंकार, वर मारायचं न्हाई, उसात गेला की आऊट. अंगणात कुठला ऊस आलाय, पलीकडं शेजाऱ्याचं गराज, पण पोराच्या डोक्यात ते बसलंच. पहिल्या वर्षी तर मारल्यावर बॅट हातात घेऊनच पळाला, क्रिकेटसारखा, बॅट टाकून पळायचं हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक न्हवतं, सगळं मैदान हसलं आणि मीही हसले, मला वाटलं चांगलं काहीतरी झालं.

पण चालला हो तो. हात असा जलद की बॉल दोन पोरांच्या मधनं कधी गेला ते कळायचं न्हाई. शाळेत नाव झालं, मग कॉलेजात, आणि सोळा साली हितल्या एका छोट्या पगारी टीमनं घेतलं त्याला, गावातलाच पोरगा म्हणून. आमच्या हितल्या मराठी मंडळात गणपतीला त्याचा सत्कार केला. एक पुण्याचे इंजिनियर मला म्हणाले, काकू, याला क्रिकेटमध्ये का न्हाई घातलं? मी म्हणलं, तुमच्या घरचं क्रिकेट तुम्ही बघा. तेव्हा माझी मान ताठ होती ना, म्हणून तसं बोलले, आज बोलणार न्हाई.

पुढच्याच वर्षी सगळं उलटं झालं. का झालं ते मला ओंकारनं सांगितलं तेवढंच मी सांगते. याचा बॉल कुठं जातो ते समोरच्यांना पाठ झालं, जमिनीवरनंच जाणार म्हणल्यावर ते तिथं उभेच राहायचे, बॉल उचलला, फेकला, हा पहिल्या बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या खुणेवर, पोचायच्या आधी आऊट. परत आला, परत आऊट. मी बघायला जायची, आणि प्रत्येक वेळी तेच, बाकड्यावर येऊन बसायचा आणि टोपी तोंडावर ओढायचा. सीझन संपताना टीमचा मॅनेजर म्हणाला, पुढच्या मे महिन्यात ये, पण बॅट फिरवायची पद्धत बदलून ये, न्हाईतर येऊ नको. आता सगळी मोठी मोठी पोरं बॉल उचलून मारतात म्हणे. ओंकार मला म्हणाला, आई, एव्हरीबडी इज लिफ्टिंग नाऊ. मी म्हणलं, मग उचल की बाबा, त्यात काय.

त्यात काय म्हणणं सोपं असतं ताई. मी भाकरी थापते ती उजवीकडं फिरवत, आता मला कुणी सांगितलं उद्यापासून डावीकडं फिरव, तर होईल का? फाटेलच ना.

आमच्या बेसमेंटमध्ये यांनी जाळी बांधलेली, थंडीत बाहेर खेळता येत न्हाई म्हणून. बाजूला पालथ्या बादलीवर बसायचं आणि एकेक बॉल हळूच वर टाकायचा, समोरचा तो जाळीत मारतो. इतकी वर्षं त्या बादलीवर हेच बसायचे. त्या थंडीत ओंकार नवी पद्धत शिकून आला, एका म्हाताऱ्या कोचकडं जायचा, फोनवर व्हिडिओ काढून आणायचा, हात खाली घेऊन बॅट खालनं वर. यांनी पहिला बॉल टाकला, यानं उचलून मारला, तो जाळीच्या वरनं जाऊन घर गरम करायच्या भट्टीच्या, फर्नेसच्या, डक्टला लागला, तो पत्र्याचा मोठा चौकोनी पाइप जातो बघा छताखालनं. पोचा पडला. हे म्हणाले, मी असं शिकवलं होतं? तो म्हणाला, डॅड, युअर वे डझन्ट वर्क हिअर. बस, एवढंच. शिवी न्हाई, आवाज चढवला न्हाई. हे बादलीवरनं उठले, गुडघे झाडले आणि जिना चढून वर आले, मी कणीक मळत होते, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

त्या दिवसापासनं बापलेकांचं बोलणं बंद. हे म्हणायचे, त्याला सांग जेवायला ये. त्याला बाहेर जायचं असलं की यांना मी सांगायचं, गाडी हलवा. सगळं माझ्या मार्फत, एका घरात. आणि बादलीवर कोण बसणार? मी. लाँड्रीतनं यायचं, पाय सुजलेले, आणि बसायचं, टाक बॉल, टाक बॉल. तो मारायचा, बॉल डक्टला लागायचा, सॉरी आई म्हणायचा, मी म्हणायची लागू दे, पत्राच आहे. खरं सांगू का, पुरी थंडी ते ठेंगणं छत डोक्यावर आणि पोरगं उंच मारायला शिकतंय, मला रडायला यायचं. पण त्याच्यापुढं रडले न्हाई, आंघोळीला गेले की रडायची.

मे आला आणि काय सांगू, जमलं की. पहिल्याच आठवड्यात कुंपणाबाहेर मारला, लोक उभे राहिले. मी धावत घरी आले, तर हे घरापुढच्या ड्राइव्हवेत गाडीतच बसलेले, इंजिन बंद, रेडिओवर मॅचचंच बोलणं चालू. मी काचेवर टकटक केलं तर रेडिओ बंद केला आणि म्हणाले, बातम्या ऐकत होतो. मी म्हणलं, बातमी चांगली आहे ना? हसले थोडे. पण मैदानावर चला म्हणलं तर म्हणायचे, ओव्हरटाइम आहे. कसला ओव्हरटाइम, मला काय ठाऊक न्हाई?

पण बोलर तिकडचे, पिचर म्हणतात त्यांना, ते काय झोपलेत? त्यांना कळलं की आता हा खालनं बॅट आणतो, मग छातीच्या उंचीवर जोरात टाकायला लागले. याची बॅट खालनं जायची, बॉल वरनं. बॉलला बॅट लागायचीच बंद झाली. मग घाबरून जुन्यासारखं मारायला जायचा, तर तेही येईना, हात विसरले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं, दुसरं काय. आधी निदान पळायचा तरी, आता तीनदा बॅट हुकली की उभ्या उभ्या आऊट होऊन परत यायचा. मग खेळवायचंच बंद केलं, बाकड्यावर बसवून ठेवायचे. घरी येऊन पुन्हा म्हणायचा, आई, टॉस सम. मी टाकायची. मला दिसत होतं हो, जमत न्हाई ते. आईला दिसतं. पण मी कशी म्हणू सोड म्हणून, आणि मार म्हणून तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

ऑगस्टमधली गोष्ट, संध्याकाळची मॅच, मी बसलेय आणि शेजारी कोण येऊन बसलं तर हे. कामाच्याच कपड्यांत, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. शेवटी शेवटी ओंकारला पाठवलं मारायला, दुसऱ्या कुणाच्या जागी. दोन बॉल तसेच गेले. तिसरा याच्या बॅटला लागला, आणि कसा लागला म्हणून सांगू, इतक्या महिन्यांत तसा आवाज मी ऐकला न्हवता. बॉल वर गेला, दिव्यांच्या वर. आणि हे उभे राहिले, आणि हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं, म्हणायला लागले, जा उसात, जा, जा उसात. ज्या माणसानं जन्मभर पोराला उसाची भीती घातली, तो माणूस हात जोडून म्हणतोय, जा उसात.

न्हाई गेला. कुंपणाला पाठ लावून एका पोरानं झेलला. आऊट. हे खाली बसले आणि हातांकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं ओंकारला ऑफिसात बोलावलं, आणि तो दुपारी बॅटा घेऊन घरी आला.

आता हे एकोणीस साल, हिवाळा सुरू झालाय. मंडळात अजून विचारतात, ओंकार परत खेळेल ना, थोडी सवय झाली की नव्या पद्धतीनं जमेल ना? मी म्हणते बघू. तुम्हाला म्हणून सांगते, मला काही आशा न्हाई. तो यांच्याच मशीन शॉपमध्ये लागलाय. सकाळी एका गाडीतनं जातात दोघं, रेडिओ लावत न्हाईत. बोलतात म्हणजे कामापुरतं. बॅटा गराजमध्ये आहेत, बादलीत मी कांदे ठेवलेत.

आणि ते डक्ट. एवढे पोचे पडलेत ना त्याला, की फर्नेस चालू झालं, गरम हवा भरली की पत्रा फुगतो आणि टण्ण करून वाजतो. बंद झालं की परत. जेवताना वाजतो, तर यांचा घास हातात थांबतो, ओंकार ताटात बघतो, मी भाजी वाढते. गेल्या रविवारी हे हातोडी आणि शिडी घेऊन खाली गेले, लेथवरचा माणूस, वाकडा पत्रा त्यांना कसा बघवणार? मी मागनं गेले, तर ओंकार जिन्यात उभा. घरात मराठीत उत्तर द्यायचं त्यानं शाळेतच सोडलेलं, पण मराठीत म्हणाला, राहू द्या, बाबा. हे शिडीवरनं खाली उतरले. हातोडी परत खोक्यात ठेवली.

ऐकलंत? आत्ता वाजला तो. लागली थंडी. या घराचं असंच चालायचं आता, ताई. तुमच्या लेकरांच्या हाताला यश येऊ दे. चहा राहिलाच तुमचा, थांबा, गरम करून आणते.