तुळईतली कडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या तालमीचे वस्ताद माननीय आकारामबापू, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती श्री. गणपतराव आणि सौ. शालूबाई, आणि माझ्या आठ खोल्यांतल्या व अवघ्या मंगळवार पेठेतल्या बंधू-भगिनींनो,

भाडेकरूच्या निरोपाला घरमालकीण बोलायला उभी राहिली, याचं काहींना हसू येतंय. येऊ द्या. अठरा वर्षं घर चालवलंय, हसण्याला मी भीत नाही.

अठरा वर्षांपूर्वी आमचे हे गेले आणि दिवसकार्य आटोपायच्या आत तक्रारी दारात उभ्या. कुणाचं छत गळतंय, कुणाची मोरी तुंबलीय. नळ एक आणि घागरी चाळीस. आमचे त्र्यंबकभावोजी म्हणाले, विकून टाका. ते समोरच बसलेत, विचारा त्यांना. मी म्हटलं, विकणार नाही. पण घर चालवायचं कसं, हे मला कुठं ठाऊक होतं?

एका जाणकारानं कानात सांगितलं, लेखी परवानगीशिवाय भाडेकरूला खिळासुद्धा ठोकू देऊ नका. आज खिळा, उद्या फळी, परवा पोटमाळा, आणि मग खोली त्याचीच. मी चक्क वही घातली. कॅलेंडरचा खिळा, आरशाचा खिळा. अर्ज, तारीख, सही. आता काय हसता? निम्म्यांच्या सह्या आहेत त्यात!

त्याच वर्षी गणपतराव राहायला आले. साखर कारखान्यात फिटर. शालूबाई बाळंत झाल्या, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज दिला, पाळण्यासाठी तुळईत एक कडी बसवू द्यावी. खिळा नव्हे, थेट तुळईत कडी! मी अर्जावर ‘नाही’ लिहिलं.

बारशाला त्यांनी मला आवर्जून बोलावलं. तेव्हा माझ्यासारखीला बारशाला कोण बोलावत होतं? गेले, तर शालूबाईंच्या दोन नणंदा लुगड्याची झोळी हातांनी धरून उभ्या. बाळ त्या झोळीत. नाव ठेवून होईपर्यंत त्या तशाच झोळी धरून होत्या. तरीही घुगऱ्यांचा पहिला द्रोण त्यांनी माझ्याच हाती दिला. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

पुढे आखाडात माझंच छत गळायला लागलं. न सांगता गणपतराव शिडी लावून वर चढले. मी खालून विचारलं, माझ्या छताची तुम्हाला का एवढी काळजी? ते कौलं सरकवत म्हणाले, “वहिनी, पाणी काय मालक बघून गळतंय व्हय?”

दुसऱ्या दिवशी ज्ञानू सुताराला बोलावून मी ती कडी बसवून घेतली. पण बारसं होऊन गेलं होतं.

घर चालवायला मला गणपतरावांनी शिकवलं. कौलं वळवाच्या आधी शाकारायची, नळाच्या वेळा ठरवून द्यायच्या, मोरीचं भांडण मोरीपाशीच मिटवायचं. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी मी स्वतः शिडी चढते आणि आठही खोल्या कोरड्या आहेत.

आता त्यांनी कळंब्याला घर बांधलंय. अशा वेळी आपल्याकडे काय करतात, ठाऊक आहे ना? जुन्या खोलीला कुलूप लावतात, नाहीतर आत पुतण्या ठेवतात. कायदा भाडेकरूच्या बाजूनं. मालकानं झिजवाव्यात कोर्टाच्या पायऱ्या. गणपतरावांनाही हा सल्ला देणारे भेटले. ते इथंच बसलेत, नावं घेत नाही.

आणि जावई गेल्यापासून माझी लीला दोन लेकरांसह माझ्या एका खोलीत राहतेय. धाकटं सहा महिन्यांचं. मला ती खोली हवी होती. पण मागायला तोंड नव्हतं. ज्यांना कडी नाकारली, त्यांच्याकडे खोली कशी मागायची?

आज सकाळी ते आपण होऊन आले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. खोली दाखवली. भोकं बुजवून वर चुन्याचा हात दिलेला. म्हणाले, “खिळे समदे काढल्यात वहिनी. कडी तेवढी ठेवली हाय. लीलाताईंच्या बाळाला लागंल की.”

ती वही मी दुपारी बंबात घातली. यापुढे खिळ्यासाठी अर्ज नको. भिंती मातीच्या आहेत, बेतानं ठोका म्हणजे झालं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. आणि शालूबाई, त्या बारशाची माफी मी अठरा वर्षांत मागितली नाही. ती आज, सगळ्यांसमोर मागते.