मामींचा निम्मा हिस्सा

दिवस दिवाळीच्या पाडव्याचा, म्हणजे बाजाराला सुट्टी. रक्कम दोन लाख. हजर माणसं तीन: मी, बायको सुलभा आणि सासूबाई. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून हरसूलहून आमच्याकडे आलेल्या, आणि घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसलेल्या.

तर मी मूळचा दिंडोरीकडचा, शेती थोडी आणि भाऊ चौघं, म्हणून नाशकात आलो आणि सातपूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर झालो. स्टोअरमध्ये एक वॉशर कमी भरला तरी मला जेवण गोड लागत नाही, असा माझा स्वभाव. शेअरच्या नादाला लागलो ते कोरोनात, घरी बसून. आधी थोडे थोडे पैसे घालत होतो, मग गेल्या दिवाळीत दोन लाख काढले, त्यातला एक लाख माझ्या बोनसचा आणि एक सुलभाचा, ब्लाउज शिवून साठवलेला. ती म्हणाली, माझी हरकत नाही, पण बँकेत ठेवले तर वर्षाचे चौदा हजार बसल्या जागी मिळतात, त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त दाखवा, नाहीतर पुढच्या पाडव्याला खातं बंद आणि पैसे बँकेत. मी म्हटलं, कबूल. म्हणायला काय जातं?

काय सांगू तुम्हाला, वर्ष कसं गेलं ते. शेअर पडला की वाटतं स्वस्त झाला, घ्यावा, आणि घेतला की आणखी पडतो, आणि कंटाळून विकला की दुसऱ्या दिवशी उठून पळतो, जसा काही माझ्याच जाण्याची वाट बघत होता. चहाच्या सुट्टीत भाव बघायचा, जेवताना बघायचा. सुलभा म्हणायची, पोरगी बारावीला होती तेव्हा तिच्या मार्कांकडे इतक्यांदा बघितलं नाहीत. पण मजा यायची हो, खोटं कशाला बोलू. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की माझ्यासारख्या माणसालाही वाटायचं, की आज काहीतरी आहे.

आता मामींचं. नवीन कंपनी बाजारात येते तेव्हा अर्ज फार येतात, मग सोडत काढतात. एका माणसाला एकच अर्ज, म्हणून लोक घरातल्या सगळ्यांच्या नावाने भरतात. मामी मागच्या वर्षी पहिल्या डोळ्यासाठी आल्या तेव्हा मी त्यांचंही खातं उघडलं. सांगितलं, मामी, पैसे माझे, नाव तुमचं, लागला तर नफा निम्मा निम्मा. त्या म्हणाल्या, आन् बुडला तर? म्हटलं, बुडला तर माझा. मग करा म्हणाल्या.

घरातल्या कुणाला काही लागलं नाही, लागला तो मामींना. चोपन्न शेअर, दोनशे पंचाहत्तरने. पहिल्याच दिवशी भाव तीनशे बहात्तर! विकायचं तर मामींच्या मोबाइलवर नंबर येतो, तो टाकावा लागतो, आणि मामी हरसूलच्या आठवडे बाजारात. मी स्टोअरमधून फोन लावला, मामी, आलेला नंबर वाचा पटकन. त्या म्हणाल्या, नाय वाचायची. बँकेतली पोरगी सांगून गेलीय, नंबर मागल त्यो चोर. अहो मामी, मी जावई! मग त्या म्हणाल्या, तेबी तिनं सांगितलंय, चोर नातेवाईक होऊनच बोलतो. सांगा बरं, माझ्या नातीच्या बारशाला काय सांडलं व्हतं? मी म्हटलं, बासुंदीचं पातेलं, आणि मीच सांडलं होतं! इकडे सगळं स्टोअर हसतंय. तेव्हा कुठे, जावईबापूच हायती म्हणून नंबर वाचला, तोवर त्याची मुदत संपली, दुसरा मागवला, आणि विकला गेला तीनशे एक्कावन्नला. खर्च जाऊन नफा चार हजार सत्तर.

तर पाडव्याला हिशेब मांडला. माझ्या खात्यावर वर्षाचे अकरा हजार चारशे साठ. त्यात मामींचे सगळे चार हजार सत्तर धरले तर मी जिंकतो. निम्मे धरले तर होतात तेरा हजार चारशे पंच्याण्णव. पाचशे पाच कमी! भाव तीनशे बहात्तरचा मिळाला असता तर बासष्ट रुपयांनी जिंकलो असतो, हे मी मनातच ठेवलं.

मामी म्हणाल्या, जावईबापू, ठेवा की माझा निम्मा, मला काय करायचा? सुलभा नुसती माझ्याकडे बघत होती. खरं सांगतो, रोजचे ते सव्वानऊ डोळ्यापुढे आले. पण म्हटलं, नाही मामी, निम्मा म्हणालो होतो, निम्मा तुमचा. मी हरलो.

सुलभा इतकी हसली की हातातलं ताट हलायला लागलं. म्हणाली, आईचा निम्मा खाल्ला असतात ना, तर जन्मभर ऐकवलं असतं. मग तिने ओवाळलं, आणि मी ताटात तेरा हजार चारशे पंच्याण्णव ठेवले, सगळे.

मामींनी आपले दोन हजार पस्तीस दोनदा मोजले, चष्मा वर करून. मग म्हणाल्या, बंद झालं ते तुमचं खातं. माझं चालू हाय ना? सुलभा म्हणाली, आई! त्या म्हणाल्या, तू गप. तुमची बोली त्यांच्या खात्याची व्हती. ह्यात माझे दहा हजार घालते, पैसे माझे, नाव माझं, नफा माझा, बघायचं काम त्यांचं.



आता रोज सव्वानऊला हरसूलहून फोन येतो, उघडला का हो बाजार? मी सांगतो, त्या ठरवतात, आणि नंबर अजूनही मला काहीतरी विचारल्याशिवाय वाचत नाहीत. परवा त्यांनी पहिली विक्री केली. फोनवर मला म्हणाल्या, बाजार बघायला चांगला माणूस मिळालाय, देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. नफा झाला सहाशे चाळीस, तो मामींच्या खात्यात जमा. आणि हरसूलहून आलेल्या मेहुण्याच्या, सुलभाच्या भावाच्या, हाती त्यांनी चाळीस रुपये पाठवले, चहापाण्याचे, ते मला.