खरबरीत पट्टा

मालेगावच्या स्टँडवर ज्योत्स्ना मोबाइलवर ट्रेडमिलचे फोटो वरखाली करत बसली होती, पण कोणतं घ्यावं ते काही ठरेना. तेवढ्यात शेजारी दोन बायका येऊन टेकल्या. दोघींपैकी थोरली अनवाणी होती.

"पानाभाभी, शिरपूरहून साध्वीजींसंगं इथवर पायी आल्या तुमी! मागच्या साली तर अर्ध्या वाटेतून ऑटोत बसल्या होत्या."

"म्हणून तर चालायचं मशीन घेतलं."

"तुमच्या पोरानं, नमननं पसंत केलं?"

"त्यानं मऊ पट्ट्याचं दाखवलं. मी दुकानातच चपला काढल्या आन एकेका मशीनवर चढून पाह्यलं."

"अनवाणी?"

"मंग? अनवाणी साध्वीजींसंगं मी बूट घालून चालू का? दुकानदार म्हणे, काकू, या खरबरीत पट्ट्यानं तळपाय सोलतीन. म्हटलं, हेच दे."

"कायले पण?"

"सडक का गादी हाय? चार महिने चालली त्याच्यावर. पह्यले फोड आले, मंग घट्टे पडले."

"शिरपूर, शिरपूर!" कंडक्टरनं हाक दिली. "चला काकू, सीट खाली हाय."

"ते माह्या नणंदेले दे, भाऊ. मी पायी आली, पायीच जातो."