भामाक्काची पिठी

बसा मंडळी, बसा! मागचे थोडं पुढं सरका. देव पुढं आहे आणि चपला मागं आहेत. तुमचं लक्ष कुठं आहे, ते मला इथून बरोबर दिसतं!

तर आज एकच प्रश्न. ज्याची ऐपत नाही, त्यानं जीव लावावा का? माणसाला नव्हे हो, मुक्या जनावराला. कुत्र्याला, मांजराला. खिसा रिकामा, आणि मांडीवर मांजर – शोभतं का हे? शोभतं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बरं, शोभत नाही म्हणणाऱ्यांनी? वा! दोन्ही वेळा हात मांडीवरच! हुशार आहात. आधी गोष्ट ऐकायची, मग मत द्यायचं. ऐका तर.

कोरेगावच्या अलीकडं एक गाव. गावात पिठाची गिरणी. आणि गिरणीत भामाक्का! नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण गिरणी एक दिवस थांबली नाही. जात्याच्या दगडाला टाकी लावायची, पट्टा चढवायचा, मोटरीचं दुखणं ओळखायचं – सगळं बाई एकटी करायची. शिस्त अशी की सरपंचाचं दळण असलं तरी रांगेत! आणि ज्वारीवर गहू दळायला सांगा बघू तिला. अशी बघायची, अशी बघायची, की माणूस डबा उचलून घरी!

या गिरणीत एक मांजर. नाव पिठी. पांढरीशुभ्र! मिशा पांढऱ्या, शेपूट पांढरी, डोळे तेवढे पिवळे. मूठभर पिल्लू होतं तेव्हा पोत्यामागं सापडलं, आणि राहिलं. सहा वर्षं! पोत्यावर बसायची आणि दळण मोजून घ्यावं तशी गिऱ्हाइकाकडं बघायची. गिरणीत उंदीर? नाव नको! भामाक्का जेवायला बसली की पहिला घास पिठीला. बोलायचं तिच्याशी, रागवायचं तिच्यावर. अहो, घरात दुसरं होतं कोण?

आता काय झालं – थंडीचे दिवस. दुपारी वीज गेलेली. मोटर अजून ऊबदार. पिठी गेली आणि मोटरीच्या कडेला, पट्ट्याखाली अंगाचं मुटकुळं करून झोपली. चारच्या सुमाराला वीज आली. बाहेर सात-आठ डबे रांगेत. एक बाई म्हणतेय, “आक्का, लवकर! पोरं शाळेतनं येतील.” दुसरी म्हणतेय, “माझा नंबर आधी!” भामाक्का रोज वाकून बघायची. रोज! त्या दिवशी नाही बघितलं. बटण दाबलं.

मंडळी, मांजर ओरडतं ते तुम्ही ऐकलंय. ते हे नव्हे. सगळ्या बायांच्या हातातले डबे खाली आले. भामाक्कानं बटण बंद केलं, हात घातला, पिठीला बाहेर काढलं. मागचा डावा पाय… सांगत नाही. इथं लेकरं बसलीत.

गावातला गाई-म्हशींचा डॉक्टर आला. सरळ माणूस. पाय बांधला, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, “आक्का, हे माझ्या हातातलं काम नव्हे. हाडाचे तुकडे झालेत. साताऱ्याला न्या, आजच.”

भामाक्काचा धाकटा भाऊ श्रीपती. त्याची रिक्षा. तो आला, पाटीत फडक्यात गुंडाळून ठेवलेलं मांजर बघितलं आणि डोक्याला हात लावला. “आक्के, याड लागलं का? मांजरासाठी सातारा? उद्या चार पिल्लं आणून देतो, फुकट!”

भामाक्का काय म्हणाली? म्हणाली, “शिरपती, तू आईला कितीला पडलास रे?”

श्रीपतीनं रिक्षा सुरू केली!

हसू नका. तुम्ही कितीला पडला होता, ते घरी गेल्यावर विचारा!

साताऱ्यात जनावरांचा खाजगी दवाखाना. काचेचं दार. आत गार हवा, गुळगुळीत फरशी. बाकावर माणसं बसलेली – आणि एकेकाचं कुत्रं असं, की त्याच्या अंगावरचं स्वेटर भामाक्काच्या लुगड्यापेक्षा महाग! कोपऱ्यात एक साहेब. इस्त्रीचा शर्ट, हातात मोटारीची किल्ली, पायाशी म्हातारं, धिप्पाड, पिवळट कुत्रं. कुत्र्याला मागचे पाय उचलत नव्हते. साहेब कुणाकडंच बघत नव्हते.

भामाक्का पाटी मांडीवर घेऊन बसली. अंगावर पीठ. केसांत पीठ. एकीनं हळूच पदर सावरून घेतला. भामाक्काच्या ध्यानात आलं. सगळं ध्यानात येतं हो माणसाच्या!

नंबर आला. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, रेणुका नाव. हात हलका. आता मंडळी, या डॉक्टरांचं एक सांगतो. आपला डॉक्टर विचारतो, कुठं दुखतंय? आपण सांगतो. मांजर सांगत नाही, वर चावतं! आणि तरी ती पोर पिठीशी असं बोलत होती, जसं माहेरवाशिणीशी बोलावं. ओल्या कापसानं अंग पुसायला लागली आणि थांबली.

“आजी, मी कागदावर रंग पांढरा लिहिलाय. ही तर काळी आहे!”

काळीकुट्ट, मंडळी! सहा वर्षं पिठात लोळून पांढरी! भामाक्काला ठाऊक होतं, पण गावाला कुठं ठाऊक? जी माणसं काळं मांजर आडवं गेलं की घरी परत जातात, ती सहा वर्षं त्याच मांजराला ओलांडून दळण नेत होती! आणि सांगा, कुणाचं काय वाकडं झालं? भाकरी करपल्या असतील, तर ते तुमचं लक्ष नव्हतं!

हाडाचा फोटो काढला, एक्स-रे. डॉक्टर म्हणाली, “हाडात सळई आणि पट्टी बसवावी लागेल. ऑपरेशन, औषधं, आठ दिवस इथं ठेवायचं.” आणि आकडा सांगितला. पंचवीस हजार.

भामाक्काच्या कमरेला जे होतं, ते आठ. आणि ते आठ म्हणजे गिरणीतलं सगळं.

आता ऐका, ती काय म्हणाली. म्हणाली, “बरं. घरी विचारून येते.”

का हसता? तुम्ही पण हेच म्हणता! लुगड्याच्या दुकानात, सोन्याच्या दुकानात – “घरी विचारून येते!” अहो, हिच्या घरी विचारायला होतं कोण? ज्याच्याशी बोलायची, तेच तर पाटीत होतं!

बाहेर आली. श्रीपती रिक्षापाशी उभा. त्यानं चेहरा बघितला आणि ओळखलं. आता चेष्टा नाही केली त्यानं. भाऊ होता शेवटी. म्हणाला, “आक्के, आत जा आणि पाया पड. विधवा आहे म्हण, गरीब आहे म्हण. सोडतील काहीतरी.”

“पाया पडू? सगळी हयात कष्टाचं खाल्लं, शिरपती.”

“मग चल घरी.”

रिक्षात बसली. एक पाय आत, एक पाय बाहेर. पाटीतून पिठीनं मान वर केली. ओरडली नाही. नुसतं बघितलं. आणि तिनं भामाक्काचा हात चाटला, मंडळी! ज्या हातानं बटण दाबलं, तोच हात!

तिथं त्या बाईच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे – मी घरी चालले ती पैसे नाहीत म्हणून नव्हे. मी घरी चालले ती लाजेनं! डॉक्टरनं एक आकडा सांगितला आणि मी दुसरा विचारलाच नाही. माझ्या गिरणीत बाई येते, म्हणते आक्का, पाच किलोचे पैसे नाहीत, दोन किलो दळून द्या. मी हाकलते का तिला? ती हलकी होते का माझ्या डोळ्यात? मग माझीच जीभ का टाळ्याला चिकटली?

उतरली. काचेचं दार ढकललं. आत नंबराचं माणूस म्हणालं, “आजी, थांबा.” थांबली नाही! भर दवाखान्यात, त्या सगळ्या स्वेटरवाल्या कुत्र्यांच्या देखत, गिरणीवर बोलायची त्या आवाजात बोलली. आणि गिरणीवरचा आवाज म्हणजे मोटरीच्या वर ऐकू जायचा, बरं का!

“डॉक्टरीणबाई! माझ्याजवळ आठ हजार हायेत. जास्त न्हाईत. फुकट नको, दया नको. मी भाव विचारतीय. आठात काय हुतं, ते सांगा!”

दवाखान्यातल्या सगळ्या माना वळल्या! एक कुत्रं भुंकत होतं, तेही वळून बघायला लागलं!

रेणुका डॉक्टर बाहेर आली. भामाक्काला वाटलं, आता रागावणार. तर ती पोर पुढं झाली आणि तिनं पाटी आपल्या हातात घेतली.

“आजी, चूक माझी. मी मोठाच इलाज सांगितला. लहान सांगायला मला भीती वाटते. लोक म्हणतात, आमची ऐपत काढता का? आणि मोठा सांगितला तर म्हणतात, लुटायला बसलात! आठ हजारांत पाय वाचणार नाही. पाय काढावा लागेल. पण जीव वाचेल. तीन पायांवर मांजर उत्तम जगतं, पळतं, उड्या मारतं. हे मी तुम्हाला खोटं सांगत नाही.”

“तीन पायांवर?”

“तीन पायांवर.”

भामाक्का भिंतीला टेकली. पाय घालवायचा! तिच्याच हातानं मोडलेला पाय, आणि आता तिच्याच तोंडानं तो काढा म्हणायचं. डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या पिठातून वाट काढत खाली गेलं. पुसलं नाही तिनं. म्हणाली, “काढा. पण झोप दाट द्या तिला. कळता कामा नये.”

आणि मंडळी, आता बघा! कोपऱ्यातले ते साहेब उठले. जगदाळे त्यांचं नाव. मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेले. हातात एक कागद होता, चुरगाळलेला. म्हणाले, “डॉक्टर, मलाही… मलाही विचारायचं होतं. मणक्याच्या ऑपरेशनचे दीड लाख माझ्याजवळ नाहीत. मुलीच्या आजारपणात सगळं गेलं. म्हणून मी… याला कायमचं झोपवायच्या कागदावर सही करणार होतो. दुसरं काही होतं का?”

अरे, मोटारीची किल्ली हातात, आणि जिभेला कुलूप! दोन तास तो माणूस तिथं बसला होता. कुत्र्याला मारायला तयार झाला, पण भाव विचारायला धजला नाही!

डॉक्टर म्हणाली, “आहे ना! गोळ्या आहेत, रोजचं मालिश आहे, पोटाखालून धरायचा पट्टा आहे. पळणार नाही तो आता. पण दुखणं आटोक्यात ठेवता येईल. वर्षभर तुमच्याजवळ सुखानं राहील, कदाचित जास्त.”

साहेबांनी कागद फाडला आणि खाली फरशीवर बसले, त्या इस्त्रीच्या कपड्यात, आणि कुत्र्याच्या मानेत तोंड घातलं. भामाक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पिठाचा पंजा उठला शर्टावर!

पिठीचा पाय काढला. चौथ्या दिवशी ती गावात आली. तीन पाय, आणि आंघोळ घातलेली – काळीभोर! गाव गोळा झालं. एक आजोबा मागं सरकले. “आक्का, हे काळं! वर लंगडं! गिरणीत ठेवू नकोस बाई, दळण आणायचं नाही आम्ही.”

भामाक्का पोत्यावर पिठीला ठेवत म्हणाली, “आण्णा, सहा वर्षं ह्याच काळीनं तुमच्या पिठात उंदराची लेंडी पडू दिली न्हाई. पटत नसंल तर पलीकडच्या गावात गिरणी हाय. तीन मैल. चालत जा, तब्येतीला बरं!”

आजोबा पाय आपटत घरी गेले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन रांगेत!

आणि श्रीपती? त्यानं स्वतः येऊन पट्ट्याला लोखंडी जाळी बसवली. कुणी रिक्षात विचारलं, मांजरावर एवढा खर्च केला म्हणे तुझ्या बहिणीनं? तर छाती काढून सांगायचा, “केला की! स्वतःच्या कष्टाचा केला. आणि भर सभेत भाव विचारून केला. आहे का हिंमत तुमच्यात?”

साताऱ्यात रेणुका डॉक्टर आता आधीच सांगते – मोठा इलाज हा, मधला हा, लहान हा. तुम्हाला झेपेल तो निवडा, लाजू नका. आणि कुणी लाजलंच, तर भामाक्काची हकीगत सांगते.

तर मंडळी, ऐपत नसलेल्यानं जीव लावावा का? अहो, जीव लावायला ऐपत लागतच नाही! पैसा कमी पडला, तर पाय जाईल एखादा. लाजलात तर जीवच जातो!

आता मी तुमच्याकडं बघतो. असे खाली नका बघू! तुमच्यापैकी कुणाच्या दारात कुत्रं लंगडतंय चार दिवस. कुणाच्या गोठ्यात गाय खात नाही. आणि कुणाच्या घरात, मंडळी, म्हातारी आई आहे. तिच्या डोळ्यांत पडदा आलाय, आणि तुम्ही म्हणताय, बघू पुढच्या साली. किती पैसे होतील, ते विचारलंत का? एकदा तरी दाराच्या आत जाऊन विचारलंत का? का बाहेरच्या बाहेर परत आलात?

उद्या सकाळी उठा. आंघोळ करा. आणि जा. ताठ मानेनं जा, खिशात असेल तेवढं घेऊन जा, आणि मोठ्यानं विचारा!

आता हात जोडा, आणि ज्याला मुंगीचंही दुखणं कळतं त्याचं नाव घ्या. आवाज गिरणीच्या वर गेला पाहिजे!